गिरणीची बिनविरोध निवडणूक

सोम. १२ जाने.
आज सकाळी सव्वाअकरा वाजता, खंडोबाच्या देवळात, वाडीतल्या पुरुषांनी बायकांच्या सहकारी भातगिरणीचं संचालक मंडळ ठरवून टाकलं. बिनविरोध! फोन आला तेव्हा मी भोर स्टँडवर. तशीच वेल्ह्याच्या एसटीत चढले. बँकेतून रिटायर झाल्यापासून या गिरणीपायी फेऱ्या मारतेय. सभासद गोळा करा, नोंदणी करा, मशीन बसवा... आणि अध्यक्ष कोण? माजी सरपंच पोपटरावांची सून. राहते हडपसरला. म्हणजे गिरणी पोपटरावांच्या घशात.

कॉन्व्हेंटात नन्सनी शिव्या शिकवल्या नाहीत, याचं आज प्रथमच वाईट वाटलं.

मंगळ. १३
खरा धक्का आज. बायका देवळात हजर होत्या! एकेकीनं भंडारा उचलून शब्द दिला, निवडणुकीला उभी राहणार नाही. गावात फूट नको म्हणून. पारूबाईनंसुद्धा. पहिल्या दिवसापासून गिरणी चालवतेय ती.
"अगं, तू पण?"
"काय करू ताई? समदी आळी बघत व्हती. आता फॉर्म भरला तर देव एक वेळ माफ करंल, दीर न्हाई करायचा."
बोलता बोलता मशीन पुसत होती. मीही एक फडकं उचललं.

बुध. १४
संक्रांत. गोड बोलायचा दिवस, जमलं नाही. वाटेत धनगरवाड्यावरची हौसाबाई, शेरडं घेऊन उतरत होती. तीही सभासद.
"तुम्ही पण भंडारा उचललात?"
"मला बोलावलंच न्हाई कुनी. म्या शेरडांमागं वर. आमाला कोन इचारतंय?"
"मग उभ्या राहाल?"
"पोपटरावाच्या सुनंसमोर? ऱ्हाते की!"
पारूबाईला सांगितलं. फडकं ठेवून म्हणाली, "सूचक म्हणून सही म्या करते. उभी न्हाई ऱ्हायची, एवढाच शबुद दिलाय."

गुरु. १५
निवडणूक अधिकाऱ्यांनी हौसाबाईचा अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. "गावाचं ठरलंय ना मॅडम? वातावरण कशाला बिघडवता?" मग तिला म्हणाले, "मालकांना घेऊन या."
"मालक आज शेरडं राखत्यात. त्यांना गिरणीतलं काय कळतंय?"
शिपाई हसला. साहेब नाही. सरकारी माणूस, खुर्चीत बसून, असं... अजून विश्वास बसत नाही.
परतताना पारूबाई, "घरी कळलं असंल आता."

शुक्र. १६, दुपारी १२
पारूबाईच्या दिरानं गिरणीची किल्ली काढून घेतली. तरी ती कचेरीत आली, हौसाबाईही. अर्जांची मुदत आज पाचला संपते. अधिकाऱ्यांना पत्र दिलं, पोच घेतली. मजकूर इथे उतरवून ठेवते:

"सभासद हौसाबाई यांचा अर्ज कोणत्या नियमाने नाकारला, हे आज दुपारी तीनच्या आत लेखी कळवावे, नियम नसल्यास अर्ज स्वीकारावा. तोंडी उत्तर घेणार नाही. आम्ही तिघी आपल्या दारातच बसलो आहोत."