दाराआडचं उत्तर

जळगाव,
१० नोव्हेंबर १९५१

तीर्थरूप अक्काच्या पायांवर धाकट्या निंबाचं डोकं.

मी बरा आहे. शाळेची घंटा अजून माझ्याच हाती आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा खोकला कसा आहे? छाती शेकत जा.

काल शाळेत कुंदाबाईंनी मुलींना मतदान शिकवलं. रॉकेलच्या डब्यांच्या पेट्या मांडल्या. आधी नावं कशी लिहून घेतात ते दाखवायला एका मुलीला कारकून केलं आणि मला फळा धरून दार व्हायला सांगितलं. कारकुनीणबाईंनी फळा वाजवला. मागून आपल्या शिंदखेड्याकडची गोदू म्हणाली, "घरमा कोनी नही."

"मग बोलतंय कोण, भूत?" मुली हसल्या.

बाई म्हणाल्या, "गोदू, तू आहेस ना घरात?"

"मी शे. पन मानूस कोनी नही ना, बाई!"

मला हसू आलं नाही. अखाजीच्या सणाला इकडे आलीस तेव्हा तूच सांगितलंस, मतदारांची नावं लिहिणारा दारावर आला तर तूही आतून हेच म्हणालीस आणि तो पुढे गेला. मत द्यायची तुला केवढी हौस! तुझं नाव आता घालता येईल का, मी बाईंना विचारलं. मुदत संपली, आता पाच वर्षांनी, म्हणाल्या.

पाच वर्षं, अक्का. आपली वयं बघता मला काही खरं वाटत नाही.

सोमवारी बन्सीलाल वैद्य तुझ्याकडे औषध घेऊन येईल. त्यानं कडी वाजवली तर आतून तसं म्हणू नकोस. तोही निघून जाईल.

तू काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

तुझा निंबा