हात मागे

१० फेब्रुवारी
चिनूच्या टीचरनी आज थांबवून घेतलं. सुट्ट्यांनंतर तो तिसरीत जाणार. "थर्ड में रिसेस में कोई मम्मी नहीं आती, मॅम." इतकं गोड बोलल्या की भांडताही आलं नाही. आठ वर्षांचा घोडा झाला, पण रोज मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभी राहून मीच भरवते. शेव आणि बिस्किटं तेवढी स्वतः खातो. बोटाला ओलं, तेलकट काही लागलं की हात ताठ, मग किंचाळणं, कधी उलटी. पोळीला तुपाचा हात लागलेला, म्हणून तीही नको. जूनपासून पोरगं दुपारपर्यंत उपाशी बसणार का?
सुहासला फोन केला. बाप ऑफिसातूनच म्हणाला, मोठा झाला की आपोआप होईल. आपोआप या घरात फक्त दूध उतू जातं.

१५ फेब्रु.
तुकोगंज. मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीचं क्लिनिक. नेहा मॅडम जेमतेम पंचविशीच्या, मला वाटलं रिसेप्शनवरच्या आहेत. बटण कोण लावतं? बूट? आंघोळ? सगळ्याला माझं उत्तर एकच, मी. तिसऱ्यांदा माझं मलाच हसू आलं. चौथ्यांदा नाही आलं.
मग त्यांनी त्याला पाऊण तास खेळवलं, आणि म्हणाल्या, हा हट्ट नाही. आपल्याला जे नुसतं ओलं लागतं ते त्याच्या बोटांना खरोखर टोचतं. सवय करता येते, पण हळूहळू.
हट्ट नाही! आजवर जो तो मला ऐकवत आलाय, लाडावून ठेवलंस म्हणून. स्कूटरवर रडत आले. चिनू मागे बसून शेव खात होता.

२२ फेब्रु.
राजम्याच्या टबात हात घालून लपवलेल्या गाड्या शोधणं. मग कोरडं पीठ. मग त्यात चमचाभर पाणी. घरीही हेच, रोज संध्याकाळी कणकेशी मारामारी.
जेवण मात्र उलट्या क्रमाने शिकवायचं. कालवायचं मी, घास मी करायचा, तो तोंडापर्यंत तेवढा त्याने न्यायचा. ते जमलं की घास त्याने करायचा. कालवणं सगळ्यात शेवटी. "और मम्मा, आप हाथ पीछे रखो. बस."
बस म्हणे. माझे हात मागे राहतच नाहीत. आज ओढणीचं टोक मुठीत धरून बसले. वरण गुडघ्यावर, भात जमिनीवर, तोंडात चार शितं.

रंगपंचमी
सुहास गेर, रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याला. आम्ही घरीच, गर्दी चिनूला सोसत नाही. समोरच्यांच्या अंगणात रंगाची बादली होती. चिनूने एक बोट बुडवलं, बाहेर काढलं, बघितलं. त्याने ते माझ्या कुडत्याला पुसलं आणि परत बुडवलं. ओरडला नाही!

४ एप्रिल
पंधरा दिवस गाडी जागच्या जागी. घास हातात धरून नुसता बसून राहतो. कारण आज कळलं, तेही त्याच्याच तोंडून: "आजी देते ना दुपारी." सासूबाई! मी बाजारात गेले की चिऊचा घास, काऊचा घास चालू. आठव्या वर्षी!
बोलले, जरा जास्तच बोलले. त्या म्हणाल्या, "लेकरू भूखं उठलेलं मला नाही देखवत बाई." माझंही दुखणं तेच आहे.
पुढे म्हणाल्या, मेमध्ये मुंज आहेच, मातृभोजनाला शेवटचं भरव आणि मग बैस हात मागे घेऊन.

५ एप्रिल
सासूबाईंनाच, म्हणजे आईंना, क्लिनिकला घेऊन गेले. नेहा मॅडमनी त्यांना काम दिलं: चिनूच्या शेजारी बसून स्वतः जेवायचं, हळूहळू, कालवून. भरवायचं नाही. आई घरी येताना खुशीत. "समझदार पोरगी आहे." मी गेले दोन महिने दुसरं काय सांगत होते?

१९ एप्रिल
आज त्याने वरणभात कालवला. दोनच बोटांनी, तोंड वाकडं करून, पण कालवला आणि खाल्ला. घासागणिक हात धुवायला उठत होता. उठू दे. आई आणि मी एकमेकींकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर दोघी रडलो असतो.

३ मे
उद्या मुंज. कात्रीने एक बट कापायची, वस्तरा नाही, एवढं गुरुजींनी मान्य केलंय.
खरं सांगायचं तर मी मातृभोजनाची वाट बघतेय. मातृभोजन म्हणजे आईनेच भरवायचं. दोनशे माणसांसमोर चिनूला भरवायचं आणि कुणी चुकचुकणार नाही, असा जन्मात हा एकच दिवस.

४ मे
पंगतीत आठ मुंजे, आपापल्या हाताने भुरके मारताहेत. मध्ये चिनू आणि मी, एका ताटावर. मी घास केला, हात पुढे नेला.
चिनू म्हणाला, "आई, हात मागे."
बायका हसल्या. आई कुजबुजल्या, "आज नाही रे राजा, आज आईच्याच हातून." तोवर त्याने ताट स्वतःकडे ओढलं होतं. शेजारचा मुलगा कालवत होता, त्याच्याकडे बघत बघत हाही. नव्या सोवळ्यावर हळदीची पाच बोटं. आईंचा चेहरा पडला, शेवटचं भरवणं राहतंय म्हणून. गुरुजी म्हणाले, "बटू जेवतोय ना? मग जेवू द्या. एक घास आईचा झाला की पुरे." तो एक त्याने घेतला, माझ्यावर उपकार केल्यासारखा.
सुटले. खरंच सुटले, छातीवरची शिळा उतरली. आणि थोडा रागही आला. मला अजून दोन घास द्यायचे होते.

१६ जून
शाळा सुरू. डब्यात पोळी, बटाट्याची भाजी. साडेदहाला किल्ली हातात घेऊन दारात उभी, मग आठवलं की आता कुठे जायचंच नाही. भांडी घासली. घासलेलीच परत घासली.
दोनला आला. डबा रिकामा. खाल्लास? हो. सगळा? हो. कुणाला दिलास का? हो. चिनू सगळ्यालाच हो म्हणतो.
बूट काढताना त्याचा हात हातात घेतला. उजव्या हाताची दोन नखं पिवळी. म्हणजे थोडं तरी पोटात गेलं. बाकीचं पोटात, मित्राच्या तोंडात की बाकाखाली, देव जाणे.
उद्याच्या भाजीत हळद जरा जास्तच घालणार आहे.