आजाऱ्यांची यादी

विरार, सोमवार

प्रिय पप्पा,

प्रभूमध्ये तुम्हाला आणि आईला सलाम. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय.

माझं बरं चाललंय, जेवणाची आबाळ नाही. उपासनेच्या हॉलला पंखे लागलेत. वालीवच्या कारखान्यांत काम करणारी दोन नवी कुटुंबं मंडळीत आलीत.

काल मात्र चूक झाली. प्रार्थनेत मी आजाऱ्यांची नावं वाचली आणि शेवंताबाई कसबेंना पुन्हा चालण्याची शक्ती दे, असं देवाकडे मागितलं. त्यांचे यजमान जॉनकाका समोरच बसले होते. सगळ्यांबरोबर तेही ‘आमेन’ म्हणाले.

उपासनेनंतर मी बाईंची चौकशी केली. काका हळूच म्हणाले, “पाळकसाहेब, ती मंगळवारीच गेली. गावी नेऊन माती दिली. तुम्हाला कुठं त्रास द्यायचा, म्हणून कळवलं नाही.”

त्यांची इमारत माझ्या खिडकीतून दिसते. दोन महिन्यांत मी तिचा जिना चढलो नव्हतो, दर रविवारी यादी तेवढी वाचत होतो.

तुम्ही पाळक होतात, तेव्हा सायकल काढून आधी आजाऱ्याच्या घरी जायचात आणि मगच रविवारी त्याचं नाव घ्यायचात. मला वाटायचं, पप्पा उगाच दमतात.

आईचा खोकला कसा आहे? फोनवर ती “बरी आहे” एवढंच म्हणते. तिचंही नाव त्याच यादीत आहे, पप्पा. मला त्रास नको म्हणून काही लपवू नका.

तुमचा,
अमोस