कल्याणीचं कोलंबिया

२७ मार्च
नातीला, कल्याणीला, कोलंबियाने घेतलं. ह्यांनी सकाळपासून अकरा फोन केले. "जय भीम. नात बाबासाहेबांच्या विद्यापीठात चालली." पलीकडच्यालाही बोलू द्यावं, हे बँकेत पस्तीस वर्षं काढून शिकले नाहीत. विषय कोणता, हे एकानेही विचारलं नाही. पोरगी बेसमेंटमधल्या तिच्या खोलीत शिरली ती जेवायलाच वर आली.

२९ मार्च
ह्यांना सांगितलं – कोलंबियाचं मूळ नाव किंग्ज कॉलेज. अमेरिकेने इंग्रज राजाला घालवलं, मग नाव बदललं.
"म्हणजे तेही नामांतरवालेच की."
मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी आम्ही सोळा वर्षं झगडलो. मोर्चात माझी चप्पल तुटली, ती हातात धरून हे पोलीस चौकीबाहेर उभे. लग्न त्यानंतर ठरलं. त्या दिवशी गप्प होते, म्हणून फसले मी.

५ एप्रिल
इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाचे देवदत्त जयंतीचा बॅनर घेऊन आले. वर बाबासाहेब, मध्ये कोलंबिया, खाली कल्याणी – नऊ वर्षांची, दोन वेण्या. "काकू, काकांनी हाच फोटो पाठवला." ह्यांना म्हटलं, कोपऱ्यात जागा उरलीय, तुमचाही टाकून घ्या. ह्यांनी खरंच कोपरा बघितला.
कल्याणी "नाइस फॉन्ट" म्हणाली आणि खाली गेली.

१८ एप्रिल
जयंती झाली. हॉल शनिवारीच मिळतो. कल्याणीला स्टेजवर बोलावलं. दोन वाक्यं बोलली. त्यात कोलंबिया नव्हतं. ह्यांच्या टाळ्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

१९ एप्रिल
माझ्या खोलीत आली. दार लावलं.
"आजी, आय वॉन्ट वॉटर्लू."
इथलंच विद्यापीठ. एलआरटीच्या ट्रामने वीस मिनिटं. पाणी शुद्ध करण्याचं इंजिनिअरिंग करायचंय, सोबत को-ऑप, म्हणजे शिकता शिकता पगारी नोकरी.
"घाबरलीस?"
"नो. दोन्ही प्रोग्रॅम्स नीट कम्पेअर केले. मला हाच हवाय. आय डोन्ट वॉन्ट टू बी अ बॅनर."
"मग आजोबांना सांग."
तेव्हा रडली. "कान्ट. ही'ल बी सो हर्ट." आईबाबांना वॉटर्लूचं आधीच सांगितलंय. तेही आजोबांसमोर गप्प. एक मेपर्यंत उत्तर द्यायचंय.
मी रागावले. रडून निर्णय होत नसतात, म्हटलं. गेली.

२२ एप्रिल
तिचे दोन्ही अभ्यासक्रम स्वतः वाचले. डिक्शनरी घेऊन. पोरीचं बरोबर आहे.
नावासाठी मी लाठी खाल्ली. ती माझी मर्जी होती, कुणी ढकललं नव्हतं.

२८ एप्रिल
हे न्यूयॉर्कच्या थंडीची माहिती काढत बसलेत. इथे उणे वीस सोसून तिथल्या थंडीची काळजी.

१ मे
कल्याणीने माझ्यासमोर कोलंबियाला नकार पाठवला. ह्यांना मी सांगितलं – मीच नको म्हटलं. मुलीच्या जातीला इतक्या लांब पाठवायचं नाही.
"तू? तू मुलीला अडवलंस?"
हो म्हटलं.