तेहतीस कोटीची फणी

नागपूर
पौष महिना, १९५४

प्रिय लालसू,

हे पत्र घरात वाचू नकोस. आधी नदीकडे जा, एखादा दगड पाहून बस आणि मग उघड. अहेरीच्या शाळेत तू तिसरी पास झालास खरा, पण अक्षर जोडून वाचताना तुझा आवाज साऱ्या अंगणाला ऐकू जातो. आणि ह्या पत्रातलं काही अंगणासाठी नाही. कोणतं नाही ते पुढं कळेलच. आता आधी सांग, तुमची ती दाढीवाली बकरी कशी आहे? तुझा बाबा कसा आहे? तुझी बहीण सोमारी कशी आहे?

गेल्या मोहाच्या हंगामात मी तुमच्याकडून एकाएकी निघून गेलो, त्याचं कारण तुला खोटं वाटेल. बाजारात एक मासळीवाला भेटला. तो म्हणाला, सिरोंच्याला गोदावरीचं पाणी एवढं रुंद आहे की पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसतो. मला ते पाहायचं होतं. पाहिलं. दिसतो खरा मुंगीएवढा. तिथं सगळे तेलुगू बोलतात आणि मी मान हलवायचो, तर जेवायला मिळायचं. मग बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात लागलो. लालसू, तुमच्या जंगलातला बांबू तिथं एका तोंडानं आत जातो आणि दुसऱ्या तोंडानं कागद होऊन बाहेर येतो. हा कागद कदाचित तूच तोडलेला असेल, म्हणून जपून धर. पण तिथला वास डोक्यात बसला, तेव्हा एक दिवस स्टेशनवर उभी होती ती गाडी धरली, आणि ती नागपूरला आली. ती दुसरीकडं गेली असती तर मीही गेलो असतो.

इथं सीताबर्डीवर मुखरू मिस्त्रीच्या दुकानात चित्रांना लाकडी चौकटी बसवायचं काम करतो. मिस्त्रीचं म्हणणं, "तुह्या हाताले वळण हाय, पण डोक्याले नाई." ह्या चौकटींपायी मी अजबबंगल्यात पोचलो. अजबबंगला म्हणजे सरकारचं म्युझियम, पण तसं इथं कोणी म्हणत नाही. तिथं चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि चौकटी डोक्यावरून वाहून नेणारा मी.

दारात पाऊल टाकलं आणि मी चौकटींसकट थांबलो. समोर वाघ! पेंढा भरलेला, काचेचे डोळे लावलेला. माझ्या पुढं खेड्यावरून आलेल्या दोन बाया होत्या, त्यांनी त्याला हात जोडले. पुढच्या दालनात दगडाच्या जुन्या मूर्ती ओळीनं उभ्या आहेत. एकीनं पदराच्या गाठीतले तांदूळ काढून देवीच्या पायाशी ठेवले. तिथला पहारेकरी गुणवंतराव, मोठ्या मिशांचा माणूस, म्हणाला, "बाई, हा देव पूजेचा नाई, पाह्याचा हाय." ती म्हणाली, "पाह्याचा असन तर मंग उघड्या पायानं काऊन चालाचं इथी?" कारण ती चपला बाहेर काढून आली होती, आपल्या मनानंच. गुणवंतरावांनी तिच्या पायांकडं पाहिलं. मी खाली पाहिलं तर मीही वहाणा हातात धरून उभा.

प्रदर्शनाचं काय सांगू! एका चित्रात सगळं जंगल निळं. खोड निळं, पानं निळी, वाटही निळी. काढणारी इंदुताई तिथंच खुर्चीवर बसली होती. मी विचारलं, बाई, झाडं निळी काऊन? ती रागावली नाही. म्हणाली, "मला तशी दिसली." एवढंच. मग मी दिवसभर नागपूरची झाडं पाहत फिरलो. एकही निळं नाही. मिस्त्री ओरडला, चौकटीला खिळा उलटा मारला म्हणून. पण दिवे लागायच्या थोडं आधी तलावाकाठचं एक झाड खरंच निळं झालं, जरा वेळच. तेव्हा वाटलं, आपल्याला काही गोष्टी उशिरानं दिसतात, पण दिसतात.

हे वाक्य असंच लिहिलेलं नाही, लक्षात ठेव.

परत गेलो तेव्हा आतल्या एका खोलीत काचेच्या पेटीत एक फणी दिसली. लाकडाची, वर त्रिकोणांची नक्षी, दातांच्या वरच्या पट्टीवर बारीक रेघा. खाली कागदावर लिहिलेलं, "फणी. लाकूड. माडिया. चांदा जिल्हा." एवढ्या मोठ्या शहरात, पितळी दिव्यांच्या आणि तलवारींच्या मधोमध तुमच्या घरातली वस्तू! मला एवढा आनंद झाला की मी शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणालो, हे माझ्या दोस्ताच्या गावचं आहे. तो दोन पावलं सरकला.

त्याच आठवड्यात तिथं एका विद्वान साहेबांचं भाषण होतं. फुकट होतं, म्हणून गेलो. अंधार केला आणि पांढऱ्या पडद्यावर काचेतून चित्रं पाडली. तरुण पोरापोरींचं गोटूल, ढोल, मोहाची टोपली, मग हीच फणी, पण भिंतीएवढी. साहेब म्हणाले, ही फणी बाजारात मिळत नाही. मुलगा ती स्वतः कोरतो आणि मनात असलेल्या मुलीला देतो. तिनं खोप्यात खोवली, म्हणजे तिचा होकार.

लालसू, मी उभाच राहिलो. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे बस ना खाली! तुह्या डोक्याची सावली पडून राह्यली." पाहतो तर पडद्यावर माझं काळं डोकं आणि त्यात ती भिंतीएवढी फणी खोवलेली. सारं दालन हसलं. मी बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसलो.

आता तू आठव. मोह वेचताना सोमारीनं मला विचारलं होतं, "तुले फणी करता येते का?" मी काय म्हणालो? म्हणालो, कराची काय गरज हाय, आलापल्लीच्या बाजारात मिळते. आणि मोठ्या तोऱ्यात घेऊन आलो लाल रंगाची, चकचकीत, मागं आरसा लावलेली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली. मग बकरीला जवळ ओढलं आणि सगळ्यांसमोर त्या फणीनं बकरीची दाढी विंचरली! तू जमिनीवर लोळून हसलास. मला वाटलं, गंमत चालली आहे, म्हणून मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. ती मात्र हसली नव्हती, हे मला अजबबंगल्याच्या पायरीवर आठवलं. लेका, तू तरी सांगायचं होतंस ना!

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी त्या पेटीपुढं जाऊन उभा राहतो. गुणवंतरावांना संशय आला. म्हणाले, "काऊन रे, एवढा वाघ सोडून तू फणीच काय पाह्यतं? चोरून न्याची हाय का?" मी म्हटलं, नाई भाऊ, शिकून राह्यलो. "केस विंचराले?" मी म्हटलं, कोराले. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कोनासाठी?" मी पुन्हा पेटीकडं पाहिलं. त्यांनी खिडकीचं दार उघडलं, म्हणजे पेटीवर उजेड पडला आणि मागची नक्षीही दिसली. आता मी गेलो की ते आपणहून खिडकी उघडतात आणि विचारतात, "कुठवर आली?"

मिस्त्रीनं हळदूच्या लाकडाचा एक तुकडा दिला. पहिल्या फणीचे दात करवतीखालीच गेले. दुसरी चांगली होत होती, तर रस्त्यावरून अस्वलवाला चालला होता, तो पाहायला उठलो आणि तिच्यावरच पाय दिला. तिसरीला मात्र उठलो नाही. बाहेर बँड वाजला, दोन बैल झुंजले, मिस्त्री स्वतः पाहायला गेला, तरी मी उठलो नाही. तुला माहीत आहे मी कसा आहे. म्हणून हे सांगतो.

आता तुझ्या बाबाचं. मी पहिल्यांदा तुमच्याकडं आलो तेव्हा त्यानं विचारलं होतं, "तुहे देव किती?" मी शहाणा, छाती काढून म्हणालो, तेहतीस कोटी! सारं अंगण असं हसलं की कुत्री भुंकायला लागली. तेव्हापासून माझं नाव तेहतीस कोटी. तुमच्यात कोणी सहा देवांचा, कोणी सात देवांचा, हे मला मागून कळलं. बाबा म्हणाला होता, "देव नाई मोजले तं भाऊ कोन अन् सोयरा कोन, कसं कळन?" देव सारखे असले की ते भाऊ, त्यांच्यात लग्न नाही. ह्याचा मी चौकटी तासताना खूप विचार केला. माझा आकडा तुमच्या गावात कोणाशीच जुळत नाही. म्हणजे मी तुमच्या घरात कोणाचाच भाऊ लागत नाही. मग सोयरा व्हायला आडकाठी कुठी हाय? हे बाबाला हसू येईल अशा वेळी विचार. आणि तो हसला नाही, तर काय म्हणाला ते मला लपवू नकोस. त्याच्या घरात घुसून पळवून न्यायला मी आलेलो नाही. विचारायला येतो आहे.

लाकडाच्या ट्रकवरचा बिरजू उद्या आलापल्लीला निघतो, त्याच्याजवळ हे पत्र देतो आहे. त्यासोबत कापडात गुंडाळलेलं एक पुडकं आहे, ते तू सोडू नकोस, सोमारीलाच सोडू दे. एक दात वाकडा आहे, आणि नक्षीतला एक त्रिकोण पळून चालल्यासारखा दिसतो. तो मुद्दाम सरळ केला नाही, मला ओळखायला तिला बरं. ती काही विचारेल तर एवढंच सांग, ही बाजारातली नाही. तिच्या खोप्यात आधीच दुसऱ्या कोणाची फणी असेल, तर तिला काही बोलू नकोस, ही बकरीला दे. मोह पडायच्या आत मी पायी येतो. नदीच्या अलीकडच्या काठावर थांबेन. तुमची नदी गोदावरीएवढी रुंद नाही, पलीकडचं माणूस माणसाएवढंच दिसतं, खोप्यातलंही दिसतं. तू फक्त सकाळी बकरी आणि सोमारी, दोघींना पाण्यावर आण. फणी कोणाला शोभते ते मी अलीकडूनच पाहीन, आणि पाण्यात पाय घालायचा की नाही ते तेव्हा ठरवीन.

तुझाच,
तेहतीस कोटी