पायरी शिवल्याशिवाय

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही.

काल मी पुण्यात दहा किलोमीटर पळाले. तुमच्या वेळी, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, पुण्याच्या शर्यतीला असायचं कोण? तालुक्यातून आलेल्या आमच्यासारख्या पोरी आणि पोलीसभरतीची तयारी करणारी मुलं. एक शिट्टी झाली की गटातले सगळे एकदम सुटायचे, आणि शेवटी हातात एक केळं. आता आधी नाव नोंदवायचं, वेळ मोजणारी चिप बुटाच्या नाडीला बांधायची. नंबरासाठी पळणारे कठड्यापलीकडे वेगळे, मागे आम्ही हौशी. बँकेतल्या बायका, आजोबा, फेटा बांधून आलेला एक, वर ढोलताशे. तुम्ही म्हणाला असता, "ही शर्यत हाय का वरात?"

तुमच्या वेळची ती मुलींच्या गटाची शर्यत मी विसरलेले नाही. मी आठवीत आहे, तुम्ही दिलेले कॅनव्हासचे बूट बोटांना चावतायत, आणि शेवटच्या वळणावर माझ्यापुढे कुणी नाही. समोर आडवी फीत. आपल्या डिंगोरे गावच्या जत्रेत शर्यत असते, तेव्हा गर्दी अडवायला देवळापुढे दोर बांधतात. पळणाऱ्याने त्याखालून वाकून जायचं आणि देवळाची पायरी शिवायची, तेव्हा शर्यत पुरी. मीही वाकले. फितीखालून गेले आणि शिवायला पायरी शोधत राहिले. मागून आलेल्या मुलीने छातीने फीत तोडली, पंचांनी तिचा नंबर पहिला लिहिला.

तुम्ही पंचांना एक शब्द बोलला नाहीत. माझ्यावरच ओरडलात, "फीत छातीनं तोडायची असती, गाढवे! वाकतीस काय? गावंढळ ती गावंढळच ऱ्हानार!" एस.टी.त नारायणगाव येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाहीत. घरी आई म्हणाली, "पन सर, पायरी शिवल्याबिगर शर्यत पुरी कशी व्हनार?" तुम्ही चहा तसाच ठेवून उठलात. मी पळणं का सोडलं, तेही तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्याचा राग मला अजून आहे.

म्हणून आज ऐकून घ्या. त्या दिवशी पहिली मीच होते. वाकून गेले म्हणून काही दुसरी होत नाही. आणि काल मी कुणाच्या नंबरासाठी पळाले नाही. धाप लागली तेव्हा चालले, पाणी प्यायले, वाटलं तेव्हा परत पळाले. रेषा ओलांडून थांबलेही नाही. सरळ मैदानातल्या प्रेक्षकांच्या बसायच्या पायऱ्यांपर्यंत गेले आणि पहिली पायरी हाताने शिवून आले. चिपा गोळा करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, रेस मागेच संपली."

"तुमची संपली," मी म्हटलं. "माझी आत्ता."

हे पत्र टाकू कुठे? वहीतच राहील. पण एक कबूल करते. फीत पहिल्या येणाऱ्यापुरती असते, आमची पाळी येईपर्यंत तिथे नुसती चिपची वेळ टिपणारी रबरी चटई उरते. तरी रेषा जवळ आली तशी मी मान वर केली आणि छाती पुढे काढूनच आत गेले, सर.