बुडत्या पाणबुडीचा आवाज

अण्णा, काल तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या नातीला घेऊन पाणबुडीच्या लढाईचा सिनेमा पाहिला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असा सिनेमा लागला की मी आधी चुकाच शोधते. नौदलातून निवृत्त होऊन, समुद्रापासून इतक्या लांब, पुंडलिकनगरच्या घरात टीव्हीसमोर बसून तुम्ही त्या काढायचात. "पाणबुडीत असं कुणी वरडतं का? वरचा शत्रू ऐकतोय की! तिथं चमचाबी खाली पडू द्यायचा नाय." आई कंटाळून म्हणायची, "बघू द्या ना लेकरांना." कानाला यंत्र लावून पाण्यातले आवाज ऐकणं हे तुमचं काम होतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. काय ऐकलंत, ते कुणी विचारलं नव्हतं.

मग एकदा तुम्ही मला थेटरात नेलंत. पडद्यावर शत्रूची पाणबुडी फुटते, आगीचा लोळ उठतो, लोक शिट्ट्या मारतात. मीही टाळ्या वाजवतेय. शेजारी बघते तर तुमची खुर्ची रिकामी. बाहेर पायऱ्यांवर तुम्ही बसलेले, शर्ट घामानं भिजलेला.

"काय चुकलं, अण्णा?"

"आवाज."

"मोठा पाहिजे होता?"

"नाय. लई लवकर संपला." मग म्हणालात, "पाणबुडी अशी एकदम नाय मरत, पोरी. खाली जाताना चेपत जाती. आत माणसं असत्यात, ती ठोकत ऱ्हात्यात. आपण ऐकायचं. कानावरचं काढता येत नाय."

"आपली माणसं?"

"त्ये ठोकण्यावरनं कळत नाय."

त्यानंतर तुम्ही घरात असा सिनेमा लावू दिला नाहीत. शेवटच्या आजारात शेजारच्या बांधकामावर हातोडा वाजला की उशीत तोंड खुपसायचात. आईला वाटायचं, डोकं दुखतंय.

कालच्या सिनेमात त्यांनी ते बरोबर दाखवलं. संगीत नाही, आग नाही. काळा पडदा, कण्हणारं लोखंड, आणि ते ठोकणं. संपेचना. शिट्टी कुणी मारली नाही. मला वाटायचं, कुणीतरी एकदा हे जसंच्या तसं दाखवावं, म्हणजे तुम्ही काय सोसलंत ते मला समजेल. समोर आलं तेव्हा मात्र ते थांबावं एवढंच वाटत होतं.

लेकीनं माझा दंड घट्ट धरला. "आई, खरंच असं असतं?"

"नाही गं," मी म्हणाले, "सिनेमात सगळं खोटंच असतं."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. तिनं विश्वास ठेवला, आणि मला हायसं वाटलं.